बीजिंग: घाव लागलेला बुद्ध आणि कुब्लाईखानाचं कुंड

बेहाई पार्कात येणारी बहुतेक मंडळी तळ्यात बोटिंग करतात, बेटावरच्या पांढऱ्या स्तूपासोबत सेल्फी काढतात आणि निघतात. दक्षिण गेटाला लागूनच तुआनचंग म्हणून एक गोल तटबंदीचं छोटंसं आवार आहे, तिथे फारसं कोणी वर चढत नाही, आणि माझ्या मते खरा माल तिथेच आहे!

वरच्या चंगक्वांग हॉलमध्ये दीडेक मीटर उंचीचा पांढऱ्या जेडचा बुद्ध बसलाय, अखंड एका दगडातला, अंगावर सोनेरी चीवर आणि त्यात लाल-हिरवे खडे. मिंगक्वान नावाच्या भिक्षूने १८९८ च्या सुमारास ब्रह्मदेशातून आणून तो राजमाता त्सशीला दिला. डाव्या हातावर एक घाव आहे, १९०० साली परकीयांविरुद्धचं बॉक्सर बंड मोडायला आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये घुसल्या तेव्हाचा म्हणतात. त्यात इंग्रजांकडून आपल्या शीख, राजपूत पलटणीही होत्या, त्यामुळे नुसतं "अरेरे" करून पुढे सरकायला जरा जड जातं. बाकी ब्रह्मदेशातल्या "पांढऱ्या जेड"च्या मूर्ती बऱ्याचदा संगमरवरी असतात, हीसुद्धा त्यातलीच असावी असं मला तरी वाटलं, अस्सल जेडवर शस्त्र इतकं सहज चालत नाही.

अस्सल चिनी काम बघायचं तर समोर अंगणातल्या छोट्या दगडी मंडपाखाली या. १२६५ चं, मंगोल बादशहा कुब्लाईखानाचं दारूचं कुंड, साडेतीन टनांचं! काळपट हिरव्या जेडवर बाहेरून नुसता खवळलेला समुद्र, लाटांतून ड्रॅगन, मासे, घोड्यासारखं काहीतरी पोहतंय. जेड छिन्नीने कोरत नाहीत, फिरत्या हत्याराखाली ओली वाळू घालून घासत बसायचं. म्हणजे एकेका लाटेला किती दिवस गेले असतील बघा.

आणि एवढी मोठी वस्तू पुढे गेली कुठे, तर एका ताओवादी मंदिरात, तिथले साधू त्यात चक्क भाज्या खारवत होते 😄 चियानलोंग बादशहाने १७४५ मध्ये ते विकत घेतलं, १७४९ मध्ये इथे बसवलं, वर आतल्या बाजूला स्वतःची कविता कोरून घेतली (या माणसाला कुठेही कविता कोरायची फार हौस), ड्रॅगनचे खवलेही परत घासून घेतले. मूळ बैठक तेवढी मागेच राहिली, ती आता फायुआन मंदिरात आहे, तीही बघून आलो.