तुम्ही विचारलंत म्हणून: अण्णांसाठी हात का वर केला नाही

एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको. लग्नाची पंगत असो, सारसबाग असो, मंडईत मेथीची जुडी निवडत असो, कुणीतरी गाठतंच. "ताई, तुम्ही तर अण्णांच्या इतक्या जवळच्या. मग त्या दिवशी हात का नाही वर केलात?" सूर असा, की उत्तर त्यांच्याकडे तयारच आहे, मी फक्त मान डोलवायची.

अण्णा आमच्या पक्षाचे शहराध्यक्ष होते, आणि त्यांचं पद माझ्यामुळे गेलं नाही. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक बसला आणि निवडणूक आज-उद्या करत लांबतच गेली, तेव्हापासून ते आतून पोखरले जात होते. शहराध्यक्षाचं वजन भाषणात नसतं. कुणाला तिकीट, कुणाला स्वीकृत नगरसेवकपद, कुणाचा माणूस कुठल्या समितीवर, यात असतं. वाटायलाच काही उरलं नाही, तशी सकाळी अण्णांच्या ओट्यावर चहाला येणारी माणसं कमी झाली आणि त्यांच्या मुंबईच्या खेपा वाढल्या. त्यात अण्णांची खोड जुनी. पदाधिकाऱ्यांची यादी कुणाला न विचारता लावायची आणि ओरड झाली की "प्रदेशाकडून आलीय" म्हणून मोकळं व्हायचं. ती यादी त्यांच्याच टेबलावर तयार होताना मी पाहिलेली आहे. तिच्यातल्या र्‍हस्वदीर्घाच्या चुकाही मीच काढल्या आहेत.

आता ती बैठक.

शनिवार पेठेतलं कार्यालय, वरचा हॉल. मुंबईहून निरीक्षक आले होते. त्यांनी अर्धा तास अण्णांच्या योगदानाबद्दल सांगितलं, तेव्हाच आम्ही समजलो, अण्णांना आता पद सोडायला सांगणार. मग म्हणाले, "अण्णा, निर्णय शेवटी तुम्हीच घ्यायचाय." अण्णांनी त्याआधी दोन वेळा सांगून झालं होतं की निर्णय घेतलाय, मी राहणार. 2024 च्या जुलैत अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडन यांचं पुन्हा निवडणुकीला उभं राहायचं की नाही हे चाललं होतं, तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या ज्येष्ठ नेत्या पेलोसीबाई टीव्हीवर नेमकं हेच बोलल्या. उभं राहायचं की नाही ते अध्यक्षांनी ठरवायचंय, वेळ थोडा आहे. बायडन तोवर ओरडून सांगत होते की ठरलंय. 27 जूनची ट्रम्प यांच्याबरोबरची टीव्हीवरची वादचर्चा फसली आणि 21 जुलैला माघार आली. मला नवल वाटलं नाही. जिन्यावरच्या चपलांसकट आमची ती बैठक डोळ्यांपुढे आली.

तर अण्णा उठले. "मग इथंच होऊन जाऊ दे. माझ्याबरोबर कोण आहे त्यांनी हात वर करा." ही मागणी कुणी केली नव्हती, हे लक्षात घ्या. ती त्यांची स्वतःची. पहिला हात दारापाशी उभ्या असलेल्या त्यांच्या ड्रायव्हरचा वर गेला. "तो मेंबर नाही," कुणीतरी म्हणालं आणि मागच्या रांगेत खसखस पिकली. त्याच वेळी चहाची किटली घेऊन पोरगा वर आला आणि पुढे यावं की नको ते न कळून तिथंच थबकला. खजिनदारांचा हात उठला तो चष्म्यापर्यंत. एकेक करत सहा हात झाले. हॉलमध्ये विसाच्या वर माणसं होती.

अण्णांनी सगळ्यांकडे पाहिलं, फक्त माझ्याकडे नाही. आणि म्हणाले, "सात."

"सहाच आहेत," निरीक्षक म्हणाले.

"ताई लिहितायत," अण्णा म्हणाले.

मी सरचिटणीस, म्हणून प्रोसिडिंगची वही माझ्या मांडीवर होती. मी लिहिलं: सहा.

बरीच वर्षं ज्यांच्याबरोबर काम केलं, ज्यांनी मला पहिलं तिकीट दिलं (पडले, ते वेगळं), त्यांच्याबाबतीत हे. नंतर मी सगळ्यांना सांगत सुटले, की सरचिटणीसाने मतदान करायचं नसतं, त्यानं फक्त नोंद करायची. आमच्या घटनेत असं कलम नाही. शिवाय लिहायला एकच हात लागतो. पण मी तेव्हा जे म्हणत होते त्यात अगदीच तथ्य नव्हतं, असंही नाही. नोंद जे झालं त्याचीच व्हायला हवी. सात लिहिले असते तर निरीक्षकांनी मला उभं करून विचारलं असतं. मग काय बोलले असते?

पेठेतल्या एका अभ्यासू गृहस्थांनी मला काँग्रेसच्या त्रिपुरी अधिवेशनाची गोष्ट ऐकवली. 1939 च्या जानेवारीत सुभाषबाबूंना काँग्रेसमधल्या समाजवाद्यांनीच मतं दिली, 1580 विरुद्ध 1377 ने काँग्रेसचे अध्यक्ष केलं. आणि मार्चमध्ये त्रिपुरीला, सुभाषबाबू तापाने फणफणलेले, स्ट्रेचरवरून आणलेले, कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेप्रमाणे नेमण्याचा गोविंद वल्लभ पंतांचा ठराव आला तेव्हा तेच समाजवादी तटस्थ बसले. एप्रिलअखेर राजीनामा. "तुम्ही तेच केलंत," गृहस्थ म्हणाले. मी म्हटलं, माप फार मोठं लावताय. सुभाषबाबू निवडून आले होते, अण्णांना प्रदेशाने पत्र देऊन नेमलं होतं. आणि माणूस हवा पण त्याच्यापायी पक्ष फुटायला नको, असं एखाद्याला मनापासून वाटू शकतं की नाही? त्यावर ते म्हणाले, "वाटू शकतं. तुम्हाला वाटलं होतं का?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी पक्षाचा विचार डोक्यात नव्हता. मला न बघता मला मोजलं, एवढंच होतं. याद्यांवर सही घेताना मोजायचे, तसंच. हे कारण क्षुल्लक वाटेल. वाटू दे. मला कार्याध्यक्षपदाचं आमिष होतं म्हणणाऱ्यांनाही सांगते, कुणी काही देऊ केलं नव्हतं. दिलं असतं तर घेतलं नसतं असं मात्र छातीठोक सांगणार नाही.

साताने काही बदललं नसतं, असं मी स्वतःला समजावते. मग सात लिहायला काय जात होतं, असंही रात्री कधीतरी मीच विचारते. दोन्ही प्रश्नांचं भांडण अजून चालू आहे, त्यात तुम्ही पडू नका.

अण्णांनी मला आजवर काही विचारलेलं नाही. विचारता ते तुम्ही, आणि तुमच्यातले काही जण त्या दिवशी हॉलमध्येच होते. हात वर केलेल्या सहाही जणांची नावं मी लिहून ठेवली आहेत. वही कार्यालयात आहे, मागितली तर बघायला मिळते.