काट्यावरचं बटन आणि झोपलेलं कुत्रं

गेल्या कापसाच्या हंगामात धरणगावकडच्या एका जिनिंगच्या (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या) वजनकाट्यावर माझ्या सॉफ्टवेअरने भरलेला ट्रॅक्टर रिकामा ठरवला. पावतीवर भरलेलं वजन ५,६४० किलो, खाली वजन (म्हणजे रिकाम्या गाडीचं) ५,६४०, निव्वळ कापूस शून्य. शेतकऱ्याने पावती उलटसुलट करून पाहिली. काट्यावर बसणाऱ्या नानांनी मला फोन लावला, "भाऊ, मी ते एकच डाव दाबं."

नाना खोटं बोलत नव्हते. त्यांनी दाबलं दोनदा, पण त्यांच्या लेखी ते एकच होतं. काटा हलायचा थांबेपर्यंत माझा प्रोग्राम गप्प बसायचा, दीड-दोन सेकंद. बटनाचा रंग बदलायचा नाही, टुक असा आवाजही नाही. मागे ट्रॅक्टरांची रांग, कुणीतरी हॉर्न वाजवतंय. अशा वेळी माणूस पुन्हा दाबणारच. आणि पहिलं वजन नोंदलं गेलं की त्याच जागी "खाली वजन" हे बटन यायचं. नानांचं दुसरं बोट बरोबर त्याच्यावर पडलं.

ही जागा मी मुद्दाम एक ठेवली होती. पॉल फिट्सने १९५४ साली मांडलेला नियम आमच्या धंद्यात सगळे पाठ करतात: बटन जेवढं मोठं आणि जवळ, तेवढा हात लवकर पोहोचतो. मी तळहाताएवढं बटन केलं, हात हलवायलाही नको म्हणून दोन्ही एकाच जागी ठेवली. फिट्सच्या हिशेबात दुसऱ्या दाबण्याचं अंतर शून्य! चुकायलाही तेवढंच सोपं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मग मी जे सगळे करतात ते केलं. "खात्री आहे का?" अशी खिडकी टाकली. तिसऱ्या दिवशी काट्यावर जाऊन बसलो तर नाना स्क्रीनकडे न बघता टक-टक दाबत होते, नोंद-हो, नोंद-हो, तबल्यासारखं. दिवसाला शंभरेक गाड्या. शंभर वेळा विचारलेला प्रश्न कोण वाचतो? खिडकी काढून टाकली.

उपाय सुचला तो मतदानाच्या मशीनवरून. मतदाराने निळं बटन कितीही वेळा दाबलं तरी मत एकच पडतं. पुढचं मत घ्यायचं तर टेबलावरच्या अधिकाऱ्याने कंट्रोल युनिटवरचं "बॅलट" बटन दाबावं लागतं. निकालाचं बटन तर सीलबंद झाकणाखाली. मतदाराला कुणी "खात्री आहे का" विचारत नाही, त्याला थांबवतही नाही. माझ्याकडे तर अधिकारी आयताच होता, खुद्द काटा. गाडी उतरून काटा शून्यावर आल्याशिवाय पुढची नोंदच घ्यायची नाही. नानांनी मग दहा वेळा दाबू दे. सोबत बोट लागताक्षणी बटन पिवळं आणि टुक.

"रद्द" बटन मात्र मी अवघड केलं. कोपऱ्यात, लहान, आणि दोन सेकंद दाबून धरायचं. भोवती लाल गोल भरत जातो, बोट मध्येच उचललं की काही होत नाही. रद्द झालेली पावती नंबरासकट वहीत राहते. नाना पहिल्यांदा म्हणाले, "हाई बटन रुसी गयं काय?" आता धरतात, कुरकुरत.

स्क्रीनची गोष्ट वेगळीच. मोबाईलसारखी काच तिथे चालली नाही. कापसात आयुष्य गेलेल्या कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटांना ती दादच देईना. म्हणून इन्फ्रारेड चौकट बसवली. काचेवरून अदृश्य किरण जातात, ते अडले की स्पर्श. बोट कसलंही चालतं. पण रात्री दिव्यावर आलेली पाकोळी स्क्रीनवर बसली तरी तो स्पर्शच. एकदा तिने कोऱ्या काट्यावर शून्य वजनाची पावती काढली होती (प्रिंटर चालू, नाना चहाला). आता काट्यावर गाडीएवढं वजन नसेल तर नोंदीचं बटन राखाडी पडतं, पाकोळी बसो की कुणी.

एवढं सगळं झाल्यावर डिसेंबरमध्ये रात्री साडेअकराला फोन. "भाऊ, काटा शून्यवर येत नाही, बटन उघडत नाही, सहा गाड्या उभ्या शेतस." मी घरून शिव्या खात वायरिंग, केबल, इंडिकेटर सगळं तपासायला लावलं. इंडिकेटर २० किलो दाखवत होता. शेवटी नानांनी बॅटरी घेऊन प्लॅटफॉर्मवर फेरी मारली. पलीकडच्या टोकाला जिनिंगचं कुत्रं झोपलं होतं.

कुलूप आता शून्याऐवजी २०० किलोच्या खाली उघडतं. कुत्रं अजून तिथेच झोपतं.