घोडी गाडीत चढली तेव्हा

पावसाळ्यातल्या रेस पुण्याला होतात, म्हणून उन्हाळा सरता सरता मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून घोड्यांच्या गाड्या घाटाकडे निघतात. त्या सकाळी अशाच एका गाडीच्या उतरत्या फळीपाशी आमची तांबडी घोडी पाय रोवून उभी होती. थरोब्रेड या रेसच्या जातीची, रेसमधून निवृत्त झालेली, आता रायडिंगसाठी माझ्याकडे आलेली. आधीच्या एका प्रवासात ती गाडीत घसरून पडली होती, असं तिची निगा राखणाऱ्या मोतद्दारानं सांगितलं होतं.

दोघे जण तिच्या मागून दोर लावून ढकलायला निघालेच होते. दफेदारकाकांनी त्यांना हातानंच थांबवलं. काका लष्कराच्या ६१ कॅव्हलरी या घोडदळातून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. आवाज कधी चढत नाही.

"ओढू नकोस पोरी. दोर नुसता ताठ धर. पाय हलला की सोड."

"कुठला पाय?"

"कुठलाही. अंग पुढं झुकलं तरी सोड."

टॉम डॉरन्स आणि रे हंट या अमेरिकन घोडेशिक्षकांचं सांगणं मी वाचलं होतं: दाब ज्या क्षणी सुटतो, त्या क्षणी घोडा शिकतो. पण तो क्षण केवढा लहान असतो, ते त्या दिवशी माझ्या बोटांना कळलं. घोडीचा खांदा जरासा पुढे आला, मी दोर सैल केला, आणि तिनं कान माझ्याकडे वळवले. पाऊल पडेपर्यंत थांबले असते, तर त्या खांद्याचं तिला काहीच मिळालं नसतं.

काका मला तिच्या तोंडासमोर उभं राहू देईनात. घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी पुढ्यातलं आणि शेपटीमागचं दिसत नाही. मी खांद्याशी सरकले. मग तिनं मान खाली घातली, फळी हुंगली, खुरानं ठोकून पाहिली. ती पाहते आहे तोवर तिला कुणी काही म्हणायचं नाही, ही काकांची सक्त ताकीद. ड्रायव्हर घड्याळ दाखवत होता. काकांनी त्याला चहाला पाठवलं.

पुढचे दोन पाय वर गेले, तेव्हा मला हायसं वाटलं. काकांनी मात्र तिला मागे घ्यायला लावलं. उतरता येतं हे तिला पटलं, तरच ती निर्धास्त चढेल, म्हणाले. वर, खाली, पुन्हा वर. आणि मग ती सबंध आत गेली, श्वास सोडला, जिभेनं ओठ चाटले.

मला वाटलं, आता दार लावतील. काकांनी तिला पुन्हा उतरवलं आणि दोर माझ्याकडून घेऊन मोतद्दाराच्या हाती दिला. "प्रवासात तिच्याबरोबर तू असणार आहेस," ते त्याला म्हणाले, "आता तू चढव."