सिनेमाले नेट आहे, विम्याले नाही

घाटंजी तालुक्यातल्या एका गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. जुलैअखेरीस पीक विम्याची गर्दी होती आणि ब्रॉडबँडची लाइन बंद, म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम सुरू होतं. दुपारी डेटा संपला. विम्याच्या पोर्टलवर नुसतं चाक फिरत राहिलं. पण त्याच मोबाइलवर सिम कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधला सिनेमा न अडखळता चालत होता. सातबारा हातात धरून उभे असलेले काका म्हणाले, "काऊन भाऊ, सिनेमाले नेट आहे अन् आमच्या विम्याले नाही?"

काकांचा फॉर्म रात्री दुसऱ्याच्या सिमवरून भरला. त्यांचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना.

कस्टमर केअरला तक्रार केली, डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घेतला. उत्तर आलं, "पॅकमध्ये आमचं ॲप मोफत आहे, ही ऑफर आहे."

मग कायदा वाचायला बसलो. ट्रायनं, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम काढलेत: ग्राहक इंटरनेटवर काय बघतो त्यावरून डेटाच्या दरात भेदभाव करायचा नाही. एक ॲप फुकट आणि बाकीच्यांना पैसे, हा भेदभावच. पण खासगी कंपनीला हे सांगण्याचा अधिकार ट्रायला आला कुठून? इथं मी दोन रात्री अडकलो होतो. तो अधिकार १९९७ च्या ट्राय कायद्यात आहे. कलम ११(२) दर ठरवण्याचा अधिकार देतं, कलम ३६ नियम करण्याचा, आणि परवान्याच्या अटी कंपनीकडून पाळून घेणं हे कलम ११ नुसार ट्रायचं कामच आहे. इंटरनेटच्या परवान्यात तर अटच आहे की कायद्यानं मनाई केलेला मजकूर सोडून बाकी सगळं ग्राहकाला विनाअडथळा मिळालं पाहिजे. शिवाय ज्या रेडिओ लहरींवर हा धंदा चालतो त्या सार्वजनिक मालमत्ता आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलंय. म्हणजे काकांचा प्रश्न कायद्याला धरूनच होता!

हे सगळं लिहून कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील केलं. त्याला पैसे लागत नाहीत आणि निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. सोबत स्क्रीनशॉट जोडले: शिल्लक डेटा शून्य, वेळ, चालू असलेला सिनेमा आणि न उघडणारं पोर्टल. हे पुरावे त्याच दिवशी काढून ठेवले होते म्हणून बरं झालं.

चौतिसाव्या दिवशी उत्तर आलं. पॅकचे पैसे परत मिळाले, पण नियमाबद्दल एक अक्षर नव्हतं. मला ते पटलं नाही. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, पण असा पॅक विकणं हा नियमभंग आहे आणि त्यासाठी दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. म्हणून पैशांचा विषय बाजूला ठेवून फक्त पॅकबद्दल ट्रायला पत्र लिहिलं आणि घाटंजीच्या पोस्टातून रजिस्टरनं पाठवलं.

दिवाळीआधी रिचार्ज करायला गेलो, तर कंपनीच्या यादीत तो पॅक नव्हता.