एकवरचा आवाज

शनिवार, रात्री साडेदहा

गिटारचा जुना अ‍ॅम्प घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो वॉटचा. घरच्या सरावाला या आकड्याचा फारसा उपयोग नाही. वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो 3 डेसिबल. कानाला दुप्पट वाटायचा तर वॉट जवळजवळ दसपट लागतात. म्हणजे 10 आणि 20 वॉटमधला फरक हॉलमध्ये बसून जेमतेम कळतो, आणि फ्लॅटमध्ये या वेळेला दोघांचाही नॉब एकच्या पुढे जायचा नाही. तपासायचं ते एवढंच, की एकवर तो कसा वाजतो.

जुन्या अ‍ॅम्पची गोम नेमकी इथेच असते. आधीच्या मालकानेही तो घरातच वाजवलेला असतो, त्यामुळे व्हॉल्यूमच्या पॉटमधली, म्हणजे नॉबमागच्या फिरत्या भागातली, कार्बनची पट्टी पहिल्या पाव फेऱ्यातच घासलेली. विकणारा नॉब पाचवर नेऊन दाखवतो. तिथली पट्टी कोरी, आवाज स्वच्छ. म्हणून नॉब आपल्या हातात घ्यावा आणि शून्यापासून केसाएवढा पुढे सरकवत जावा. मध्येच आवाज गायब होतो का? काहीच नाही, काहीच नाही आणि एकदम अंगावर येतो का? असा पॉट रात्री वैताग आणतो. फिरवताना येणारी खरखर बहुधा धुळीची असते. अ‍ॅम्प बंद करून, प्लग काढून पॉटमध्ये काँटॅक्ट क्लीनर मारला आणि नॉब वीस-पंचवीस वेळा पुरा फिरवला की जाते. गंजावरचा साधा स्प्रे इथे नको, त्याचं तेल मागे राहून पुन्हा धूळ धरतं. साफ करूनही खरखर तशीच राहिली तर एक तर पट्टी संपलेली असते, नाहीतर पॉटच्या आधीचा कंडेन्सर (डीसी अडवणारा छोटा भाग) गळत असतो आणि पॉटवर डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, येत असते. दोन्ही कामं छोटी आहेत, पण तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्यावेत.

मग घूं, म्हणजे न वाजवताही अ‍ॅम्पमधून येणारी सलग गुणगुण. गिटार काढून, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून ऐकायचं. आपली वीज 50 हर्ट्झची. पॉवर सप्लायमधला फिल्टर कंडेन्सर सुकला की घूं येते ती 100 हर्ट्झची. ती ओळखायला गिटारच कामाला येते. सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी 98 हर्ट्झचा. त्या सुराला जवळजवळ चिकटलेली घूं असेल तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. त्याच्या खालच्या सप्तकात असेल तर अर्थिंग बघावं. प्लगची तिसरी पिन कापलेली दिसली तर ती नीट बसवून घेतल्याशिवाय अ‍ॅम्प लावूच नये, कारण तारांना हात लावणारे आपण असतो. घूं गिटार लावल्यावरच येते आणि जागेवर वळलं की कमीजास्त होते, तर ती गिटारवरच्या सिंगल कॉइल पिकअपची (तारांची थरथर पकडणाऱ्या, एकाच वेटोळ्याच्या भागाची). अ‍ॅम्पला बोल लावू नये.

केबल जॅकमध्ये हलकेच हलवून बघावी. कडकड झाली तर बहुतेक वेळा आतल्या सर्किट बोर्डावरचं सोल्डर तडकलेलं असतं. हेडफोनच्या जॅककडे मात्र कोणी लक्ष देत नाही, आणि घरात तोच सर्वांत जास्त वापरात येतो. प्लग दहा वेळा घालावा, काढावा. प्रत्येक वेळी स्पीकर परत चालू झाला पाहिजे. कोकणात, मुंबईत खाऱ्या दमट हवेने आतली पाती काळवंडतात. मग हेडफोन काढला तरी स्पीकर गप्प, आणि माणूस समजतो अ‍ॅम्प मेला.

स्पीकर बघायला दोन्ही हातांची बोटं कोनच्या (स्पीकरच्या कागदी पडद्याच्या) मध्याभोवती समान ठेवून तो अलगद आत दाबायचा. मऊ गेला तर उत्तम. रेतीसारखं काही घासल्याचं जाणवलं तर व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनला हलवणारं तारेचं वेटोळं, सरकलेली आहे. 8 ओहमचा स्पीकर एक वायर सोडवून मल्टिमीटरवर मोजला तर साधारण 6 ते 7 दाखवतो.

अमेरिकेतून नातेवाइकाने आणलेला अ‍ॅम्प असेल तर मागची पट्टी वाचल्याशिवाय बोर्डात लावू नये. तिथे 120 व्होल्ट, इथे 230. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेताना अ‍ॅम्पचे वॉट धरायचे नाहीत, पट्टीवर लिहिलेला विजेचा वापर धरायचा. तो बराच जास्त असतो.

कुठला घ्यावा? माझं मत साध्या ट्रान्झिस्टरवाल्या अ‍ॅम्पकडे झुकतं. व्हॉक्स पाथफाइंडर 10 मध्ये साडेसहा इंचाचा स्पीकर आहे, फेंडर फ्रंटमन 10जी मध्ये 6 इंचाचा. अशा अ‍ॅम्पचा पॉट किंवा जॅक मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सापडतो, आणि हाताशी सोल्डरिंग असलेला कोणीही तो बसवतो. मॉडेलिंगवाले, म्हणजे वेगवेगळ्या अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल करणारे, अ‍ॅम्प हळू आवाजात जास्त भरीव वाजतात हे खरं. बॉस कटाना 50 अर्ध्या वॉटवर आणता येतो, ही घरासाठी मोठी सोय. पण त्यांचा डिजिटल बोर्ड गेला तर दुरुस्ती अवघड, म्हणून तिथे प्रत्येक बटण, प्रत्येक इफेक्ट दाबून बघायला अर्धा तास द्यावा. रोलंड मायक्रो क्यूबबरोबर मूळ अ‍ॅडॉप्टर मागून घ्यावा. त्याच्या पिनच्या मध्यभागी निगेटिव्ह असतो, घरातले बरेचसे अ‍ॅडॉप्टर नेमके उलटे.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या, अ‍ॅम्पचा मोह असेल तर व्हॉक्स एसी4टीव्हीसारखा, पाव वॉटपर्यंत खाली येणारा बघावा. चालू असताना व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हलकी टिचकी मारायची. घंटेसारखा नाद स्पीकरमधून आला तर तो बदलायला झाला. स्पीकर जोडल्याशिवाय असा अ‍ॅम्प कधीही चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि तो उघडायचाही नाही. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.

बघायला जाताना आपली गिटार आणि आपलीच केबल न्यावी. आणि वाजवण्याआधी खोलीतला पंखा बंद करायला सांगावा. पंख्याच्या आवाजात घूं आणि सळसळ दोन्ही लपतात.