दाढेचं बिल आणि ओपीडी कव्हर: माझा अनुभव

जळगावात दाताच्या दवाखान्यात "विमा आहे" म्हटलं की काउंटरवरून उलट प्रश्न येतो, "ॲक्सिडेंट झालाय का?" प्रश्न बरोबर आहे. साध्या मेडिक्लेममध्ये दाताचा खर्च सहसा एकाच वाटेने मिळतो: अपघातात दात किंवा जबडा मोडला आणि भरती व्हावं लागलं तर. कीड, रूट कॅनाल, कवळी हे सगळं त्याबाहेर. पॉलिसी भरतीभोवती बांधलेली असते, दाताचं काम खुर्चीत तासाभरात उरकतं. पॉलिसीतली 'हॉस्पिटल'ची व्याख्या वाचली तर दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावाला किमान १० खाटा, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर असल्या अटी दिसतात. दोन खुर्च्यांचा दवाखाना त्यात बसणार कसा?

म्हणून मी 'डेंटल इन्शुरन्स' या नावामागे न लागता आहे त्याच पॉलिसीला नूतनीकरणाच्या वेळी ओपीडी कव्हर, म्हणजे भरती न होता घेतलेल्या उपचारांचा विमा, जोडलं. वाढीव हप्ता २,६०० रुपये. ओपीडीची वर्षाची मर्यादा १०,०००, त्यात दातासाठी ५,०००, दर बिलात २० टक्के आपल्या खिशातून, आणि पहिले ९० दिवस दाताचा क्लेम नाही. एजंटने हप्त्यासोबत फक्त १०,००० चा आकडा सांगितला होता. बाकीचे तीन ग्राहक माहिती पत्रकात, म्हणजे पॉलिसीच्या अटी थोडक्यात देणाऱ्या कागदात, सापडले. हे पत्रक कंपनीला द्यावंच लागतं आणि मागितलं तर मराठीतही मिळतं. पॉलिसी नवी असेल तर हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, तेव्हा वाचायचं ते त्याच महिन्यात. वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. जुन्या कोटेशनवर हिशेब करू नका.

फॉर्ममध्ये तंबाखू, गुटखा, मिश्रीचा रकाना असतो. "कधीमधी" म्हणजे 'नाही' नव्हे. ओपीडीच्या चार पैशांसाठी खरं लपवलं तर पुढे तोंडाच्या कॅन्सरचा मोठा क्लेम त्याच रकान्यावर अडू शकतो. पॉलिसी घेण्याआधीपासूनच्या आजाराचा क्लेम मिळण्यासाठीची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांची आहे. खरं लिहून तेवढं थांबणं स्वस्त पडतं.

चौथ्या महिन्यात खालची डावी दाढ ठणकायला लागली. रूट कॅनाल ४,०००, एक्स-रे ३००, वरची कॅप ५,२००, एकूण ९,५००. पहिला क्लेम परत आला, आणि चूक बिलाची होती. त्यावर एवढंच लिहिलेलं: 'श्री. पाटील, दंतोपचार, ९,५००.' खानदेशात 'श्री. पाटील' म्हणजे कोण, हे कंपनीला कसं कळावं! आधारवर आणि पॉलिसीत असतं तसं पूर्ण नाव बिलावर लागतं. दाताचा क्रमांकही लागतो. डॉक्टर दोन आकड्यांत लिहितात: पहिला आकडा जबड्याच्या चार भागांपैकी कुठला ते सांगतो, दुसरा मधल्या दातापासून मोजत कितवा ते. माझी ३६ नंबरची, म्हणजे खाली डावीकडे सहावी.

दुसऱ्यांदा डॉक्टरांकडून प्रत्येक कामाची रक्कम वेगळी लिहून घेतली. शिक्का, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, उपचाराआधीचा आणि नंतरचा एक्स-रे, निदान लिहिलेली चिठ्ठी, यूपीआयची पावती आणि रद्द केलेला चेक, एवढं जोडलं. उपचाराआधीचा एक्स-रे विसरू नका. दाढ एकदा भरली की आत काय होतं ते दाखवायला दुसरं काही उरत नाही.

पैसे आले ३,४४०. कॅप 'कृत्रिम दात' या वगळलेल्या यादीत गेली, उरलेल्या ४,३०० मधून २० टक्के, म्हणजे ८६०, कापले. वाढीव हप्ता वजा केला तर हाती राहिले ८४० रुपये. कॅप धरली जाणार नाही हे पत्रकात लिहिलेलं होतं, म्हणून तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. लिहिलेलं नसताना कापलं असतं तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी अर्ज करायचा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

घरात कुणाच्या दाढा आधीच पडलेल्या असतील आणि इम्प्लांटसाठी हे कव्हर घ्यायचा विचार असेल, तर पैसे वाया जातील. अशी कामं बहुतेक पॉलिसींत वगळलेली असतात. त्यापेक्षा धुळ्याच्या दंत महाविद्यालयात एक फेरी मारून खर्च विचारून यावा. माझ्या दाताच्या मर्यादेतले ७०० रुपये अजून शिल्लक आहेत, ते पुढच्या वर्षात जात नाहीत. पॉलिसी संपायच्या आत दात साफ करायची वेळ घेतली आहे, बिल पूर्ण नावाने.