एकावर डबल क्लिक

मी ऑफिसात रिपोर्टिंग बघते, म्हणजे दिवसभर एक्सेल. गेल्या वर्षी स्टाफचा ऑनलाइन सर्वे झाला, फॉर्मच्या वरच ठळक अक्षरात लिहिलं होतं की तुमचं नाव कुणालाही कळणार नाही, आणि ते वाक्य टाइप करणारी मीच. उत्तरं आली तसे मी नाव, ईमेल, एम्प्लॉयी नंबर हे कॉलम उडवले, उरलेल्यावर पिव्होट टेबल (एक्सेलमधला आपोआप मोजदाद करणारा तक्ता) केलं, कुठल्या डिपार्टमेंटमध्ये किती खूश किती नाराज, आणि वर जास्तीची खबरदारी म्हणून रॉ डेटाची अख्खी शीटच डिलीट मारली. फाइल सगळ्या डिपार्टमेंट हेडना मेल केली आणि सुटले एकदाची.

दुपारी एका हेडचा फोन. "जरा केबिनमध्ये ये गं, तुझ्या फाइलमध्ये एक गंमत आहे." मला वाटलं बेरीज चुकली असेल. सरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली, त्यांच्या डिपार्टमेंटच्या ओळीत "अजिबात समाधानी नाही" खाली 1 होता, त्या 1 वर त्यांनी डबल क्लिक केलं आणि नवीन शीट उघडली. त्यात एकच ओळ. स्त्री, वय 51 ते 55, जॉइन झाल्याचं वर्ष, आणि शेवटच्या रकान्यात लांबलचक कॉमेंट, ती पण ह्याच सरांबद्दल, ते मीटिंगमध्ये चारचौघांत कसं घालूनपाडून बोलतात त्याबद्दल. नाव कुठेच नव्हतं. पण त्या डिपार्टमेंटमध्ये त्या वयाची बाई एकच, आणि ती केबिनच्या काचेपलीकडे बसून काम करत होती.

"ह्याच ना?" सरांनी विचारलं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मी म्हणाले, मला नाही माहीत सर. पण म्हणताना माझी नजर काचेकडे गेली बहुतेक, कारण ते नुसते हसले.

गंमत म्हणजे (गंमत कसली) हे मला माहीत होतं. पिव्होट टेबल मूळ डेटाची एक कॉपी स्वतःच्या पोटात ठेवून घेतं, शीट उडवली तरी ती कॉपी फाइलसोबत जाते, आणि आकड्यावर डबल क्लिक केलं की त्यामागच्या सगळ्या ओळी समोर. मी स्वतः रोज वापरते ते. फाइल बाहेर पाठवताना मात्र डोक्यातच आलं नाही. मेल रिकॉल करून बघितला, तर ज्यांनी फाइल उघडलीसुद्धा नव्हती त्यांचेच मेसेज, काय होतं गं त्यात.

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले तेव्हा लतान्या स्वीनीचा किस्सा सापडला. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं सरकारी कर्मचाऱ्यांचे हॉस्पिटलचे रेकॉर्ड नावं काढून संशोधकांना दिले होते. ही तेव्हा तिथल्याच एमआयटी विद्यापीठात शिकत होती, तिनं 20 डॉलरला त्याच राज्यातल्या केंब्रिज शहराची मतदार यादी घेतली आणि त्या रेकॉर्डशी जुळवत बसली. यादीत राज्याच्या गव्हर्नरची जन्मतारीख असलेले सहा जण, त्यात पुरुष तीन, आणि त्याच्या पिनकोडमधला एकच. सापडला गव्हर्नर, आजारपणासकट. मला जन्मतारीख पण लागली नव्हती, वयोगटच पुरला.

दुसऱ्या दिवशी त्या काचेपलीकडच्या ताईंना जिन्यात गाठून सगळं सांगितलं. न सांगता राहणं जमलं असतं खरं तर, पण रोज समोर बसायचं कसं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "फॉर्म भरायच्या आधी मी तुला दोनदा विचारलं होतं, खरंच कळत नाही ना म्हणून. आठवतंय?"

आठवत होतं.

आता मी पिव्होट कुणालाच देत नाही, नुसते आकडे नवीन फाइलमध्ये पेस्ट व्हॅल्यूज करून देते, पाचपेक्षा कमी माणसं असतील तो गट दुसऱ्यात मिसळून टाकते, आणि जॉइनिंगचं वर्ष फॉर्ममधूनच काढलं, ते विचारायचं कारण तरी काय होतं देव जाणे. यंदाचा सर्वे असाच केला. त्या डिपार्टमेंटमधून सगळे फॉर्म वेळेत आले, सगळे "समाधानी", आणि कॉमेंटचा रकाना एकूण एक फॉर्ममध्ये रिकामा.